कड्यावरची उडी : अनुवादातील चूक आणि सत्याचा अपलाप

अनुवादाच्या नीतीचा विचार आपण बहुधा कविता, नाटक वा कादंबरी समोर ठेवून करतो. येथे मात्र उदाहरण घ्यायचे आहे ते एका व्हिडिओ गेमचे. ‘फायनल फँटसी ६’ हा जपानी रोल-प्लेइंग गेम एप्रिल १९९४ मध्ये जपानमध्ये आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘फायनल फँटसी ३’ या नावाने अमेरिकेत. आधीचे तीन भाग तिकडे गेलेच नव्हते, म्हणून क्रमांकही बदलला. दीर्घ कथानक, डझनाहून अधिक प्रमुख पात्रे आणि पडद्यावर वाचतच पुढे जावे लागणारा विपुल संवाद अशी ही रचना आहे. तिला संहिता म्हणायला कोणी कचरू नये.

तिचा इंग्रजी अनुवाद टेड वूल्सी यांनी सुमारे तीस दिवसांत केला. जपानी लिपीत दोन-तीन चिन्हांत मावणारा शब्द इंग्रजीत आठ-दहा अक्षरे घेतो आणि कार्ट्रिजमधली (आपल्याकडची मुले ज्याला ‘कॅसेट’ म्हणत) जागा तर मोजकीच. म्हणून बरेच काही कापावे लागले. शिवाय निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे आशयविषयक नियम होते. त्यांच्या छायेत मद्यगृहाचे ‘कॅफे’ झाले, ‘होली’ नावाचा मंत्र ‘पर्ल’ म्हणजे मोती झाला. या गोष्टींची थट्टा पुष्कळ झाली आहे. आपल्याला त्यांपाशी थांबण्याचे कारण नाही.

थांबायचे आहे ते एका बेटावर. कथेच्या मध्यावर खलनायक केफ्का जगाचा विध्वंस करतो. सेलीस ही तरुण सेनानी एका निर्जन बेटावर वर्षभराच्या निद्रेतून जागी होते. तिच्याजवळ उरलेला असतो एकटा सिड. वृद्ध, आजारी, तिला आजोबांच्या ठिकाणी असलेला. त्याला मासे आणून भरवणे हे खेळणाऱ्याचे काम. चपळ मासे पकडले तर तो सावरतो. संथ, सहज हाती लागणारे मासे दिले तर खालावतो आणि अखेर मरतो. तो मेला, तर सेलीस उत्तरेच्या कड्यावर जाते आणि स्वतःला खाली झोकून देते. ती वाचते. किनाऱ्यावर तिला जखमी पक्षी दिसतो. त्याला बांधलेले फडके तिच्या प्रियजनाचे असावे, एवढ्या आशेवर ती पुन्हा उभी राहते.

या कड्याची पूर्वसूचना संहितेत आधीच दिलेली आहे. बेटावरच्या इतर माणसांनी निराश होऊन तेथूनच जीव दिला, असा मूळ जपानी संवादाचा आशय. १९९४च्या इंग्रजीत त्याचे काय झाले? त्या लोकांना उदास वाटले की ते उत्तरेच्या कड्यावरून श्रद्धेची उडी घेत आणि त्यांना लगेच तरतरी येई! व्याकरण निर्दोष, सूर प्रसन्न, आणि अर्थ नेमका उलटा. हा बदल अनुवादकाने आपणहून केला की नियमांच्या धाकाने, हे संहिता वाचून कळण्याचा मार्ग नाही.

याच्या शेजारी दुसऱ्या जातीचे दोष ठेवून पाहावेत. १९९७ सालच्या ‘फायनल फँटसी ७’च्या इंग्रजी आवृत्तीत एरिसच्या तोंडी एक वाक्य आहे : एका आजारी माणसाविषयी बोलताना कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी. जपानी क्रियापदाला वचनाची बाधा नसते. घाईत निसटलेली चूक ती. (मराठीत अनेकवचन आदरार्थीही असल्याने आपल्याला ती क्षणभर सौजन्यच वाटावी, हा निराळा विनोद.) त्याच खेळात आरंभी विंचवाच्या आकाराच्या यंत्राशी लढाई आहे. त्याची नांगी वर असताना हल्ला केलात तर ते उलट मारा करील, हा मूळचा सशर्त इशारा इंग्रजीत दोन सुट्या वाक्यांत फुटला आणि पहिले वाक्य आज्ञा होऊन बसले : नांगी वर असताना हल्ला करा. वाचकाने विश्वास ठेवला आणि मार खाल्ला.

पहिली चूक स्वतःला दाखवते. दुसरी फसवते खरी, परंतु तिची शिक्षा तत्काळ मिळते आणि त्या शिक्षेतूनच वाचक संहितेला दुरुस्त करून घेतो. कड्याविषयीचे वाक्य यांपैकी काहीच करत नाही. लॉरेन्स व्हेनुटी यांनी १९९५च्या ग्रंथात अनुवादकाच्या अदृश्यतेविषयी जी चिंता मांडली तिचे मूळ अनुवादाच्या ओघवतेपणात होते. पण तेथे प्रश्न मुख्यतः परकेपणा पुसला जाण्याचा आहे. येथे त्याहून अधिक काही पुसले गेले आहे.

कारण या संहितेचा वाचक केवळ साक्षी नाही. म्हाताऱ्याला मासे त्यानेच भरवले आहेत. सिडचा मृत्यू बऱ्याच अंशी त्याच्या आळसाचे वा अज्ञानाचे फळ आहे आणि सेलीसची उडी त्या फळाचे फळ. मूळ रचना त्याला सांगते : तुझ्या कृतीचा शेवट येथवर येऊ शकतो. अनुवादाने कृती तशीच ठेवली, तिचा अर्थ मात्र तिच्या कर्त्यापासून दडवला. कादंबरीतला मृत्यू सौम्य केला तर वाचकाला दुसऱ्याविषयी खोटे सांगितले जाते. येथे त्याला स्वतःविषयी खोटे सांगितले गेले, आणि प्रस्तुत लेखकाला हा भेद मोठा वाटतो.

यावर आक्षेप येईल की खेळणारी मुले होती. आत्महत्येसारखा विषय त्यांच्यापुढे उघडा ठेवणे जबाबदारीचे झाले असते काय? आक्षेप हलका नाही. विषय टाळण्याचा हक्क प्रकाशकाला आहे, आणि तो प्रसंगच गाळला असता तर निदान ती उघड कात्री ठरली असती. प्रत्यक्षात चित्रे राहिली, कड्याच्या टोकाशी उभी सेलीस राहिली, तिचे पडणे राहिले. फक्त जीव देण्याला तरतरीचा उपाय म्हटले गेले. मुलांच्या रक्षणासाठी लिहिलेले याहून धोक्याचे वाक्य सुचवणे अवघड आहे.

मग मुळाशी इमान म्हणजे शब्दाला शब्द, असे म्हणायचे काय? तसे म्हटले तर आपले ‘झुंझारराव’ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहील. देवलांनी ऑथेल्लोला मराठी नाव दिले तेव्हा नाव बदलूनच त्यांनी प्रेक्षकाला आपला व्यवहार सांगून टाकला होता. वूल्सींनीही नायिकेचे ‘टीना’ हे नाव ‘टेरा’ केले : जपानी कानाला अपरिचित, दूरचे वाटणारे नाव अमेरिकेत शेजारच्या मुलीचे ठरले असते. येथे अक्षर सोडून परिणाम राखला गेला. किल्ला वाळूत बुडी मारून निसटतो तेव्हा संतापलेला केफ्का ‘पाणबुडीवाल्याच्या लेका’ अशा धर्तीची जी शिवी हासडतो, तीही वूल्सींचीच निर्मिती. पण प्रसंगातून उगवलेली आणि पात्राच्या विक्षिप्तपणाला शोभणारी. तीस दिवसांच्या घाईत असे सुचणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या हातून हे झाले त्याच हातून कड्याचे वाक्यही गेले, म्हणून अनुवादकाला एकाच मापाने मोजता येत नाही.

२००७ मध्ये हा खेळ गेम बॉय अॅडव्हान्सवर नव्या इंग्रजी अनुवादासह अमेरिकेत आला. नव्या अनुवादकापुढे मूळ जपानी संहिता होती, तशीच तेरा वर्षे लोकांच्या तोंडी रुळलेली जुनी इंग्रजीही होती. त्याने टेरा ठेवली. केफ्काची शिवी ठेवली. कड्यावरून गेलेली माणसे मात्र त्याच्या आवृत्तीत पुन्हा निराशेनेच जीव देतात.