विजय म्हणजे काय?



आमच्या बोलण्यांत जिंकण्याचे शब्द पुष्कळ आहेत: जय, विजय, सरशी, फत्ते. शर्यतींत एकाची बैलजोडी जिंकते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत एक पक्ष जिंकतो, बांधाच्या दाव्यांत एक भाऊ जिंकतो. या सर्वांत एक गोष्ट सारखीच आहे. एकाची सरशी व्हावयाची म्हणजे दुसऱ्यास मान खालीं घालावी लागते. म्हणून 'देवानें आम्हांस जय दिला' असें आपण प्रार्थनेंत म्हणतों, तेव्हां पुष्कळांच्या मनांत हाच भाव असतो. पवित्र शास्त्राचा अर्थहि हाच आहे काय, तें आज पाहूं.

जुना करार ज्या इब्री भाषेंत लिहिला गेला, तिच्यांत विजयासाठीं 'तेशुआ' असा एक शब्द आहे. तारण, सुटका, असाहि त्याचा अर्थ होतो. संकटांत सांपडलेल्यास मोकळें करणें हा त्याचा मूळ भाव. आमच्या प्रभूचें येशू हें नांव त्याच धातूपासून निघालें आहे. निर्गमाच्या २ ऱ्या अध्यायांत त्या धातूचें क्रियापद एका विहिरीच्या गोष्टींत आलें आहे. मिद्यानी याजकाच्या सात मुलींनीं आपल्या बापाच्या कळपासाठीं पाणी काढलें, तोंच मेंढपाळांनीं येऊन त्यांस हाकलून लाविलें. तेव्हां मोशे उठला, त्यानें त्यांस सोडविलें, आणि त्यांच्या कळपास पाणी पाजलें. पाणवठ्यावरून हाकलून लावणें म्हणजे काय, हें आमच्या वाडवडिलांस कोणी समजावून सांगावें लागत नसे. येथें मेंढपाळ किती हरले याचा हिशेब शास्त्रानें ठेविला नाहीं. तहानलेल्यांस पाणी मिळालें, एवढेंच लिहून ठेविलें आहे.

दुसरी गोष्ट दावीद राजाची. अबशालोम हा त्याचा पुत्र बापाविरुद्ध उठला. एफ्राइमाच्या रानांत लढाई झाली, राजाची सेना जिंकली, पण अबशालोम मारला गेला. राजा वेशीवरच्या माडीवर जाऊन पुत्रासाठीं रडूं लागला. २ शमुवेल १९ यांत लिहिलें आहे कीं, त्या दिवसाचा विजय सर्व लोकांस शोक असा झाला, आणि लढाईंतून पळालेले जसे तोंड लपवितात, तसे ते जिंकलेले लोक चोरून नगरांत शिरले. तेथेंहि मूळ शब्द 'तेशुआ' हाच आहे. राज्य वांचलें, पण पुत्र गेला. ज्या जयानें घरचेंच माणूस गमवावें लागतें, तो जय मिरवितां येत नाहीं.

आतां नव्या कराराकडे वळूं. त्याच्या ग्रीक भाषेंत जिंकण्याचें क्रियापद 'निकाओ' हें २८ वेळां आलें आहे, आणि त्यांपैकीं १७ वेळां तें एकट्या प्रकटीकरणांत आहे. तेथें एक विलक्षण गोष्ट दिसते. श्वापद पवित्र जनांशीं लढून त्यांस जिंकतें, असें ११ व्या व १३ व्या अध्यायांत आहे. परंतु मधल्या १२ व्या अध्यायांत, जिवाची पर्वा न करणारे ते पवित्र जनच सैतानास जिंकतात, असें म्हटलें आहे. आणि शब्द तोच. मग खरा विजयी कोण? याचें उत्तर ५ व्या अध्यायांत अगोदरच दिलें आहे. यहूदा वंशाच्या सिंहानें जय मिळविला, असें योहानानें कानांनीं ऐकिलें. पण डोळे वर करून पाहतो तों तेथें वधलेला कोंकरा उभा होता. श्वापद जीव घेऊन जिंकतें; कोंकरा जीव देऊन जिंकतो.

तर मग अन्याय मुकाट्यानें सोसावा काय? दाद मागूं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. मोशे विहिरीजवळ स्वस्थ बसून राहिला नाहीं. गरिबाची जमीन बळकावली गेली, विधवेचा हिस्सा बुडविला गेला, तर मंडळीनें तिच्या बाजूनें उभें राहिलेंच पाहिजे. पण हातभर बांधासाठीं दोघे भाऊ वर्षानुवर्षें कचेरीच्या पायऱ्या झिजवितात. बैल विकले जातात, सावकाराचें देणें वाढतें, आणि निकालाच्या दिवशीं एक जण पेढे वांटतो. प्रभुभोजनाच्या वेळीं मात्र तो एका कोपऱ्यांत व त्याचा भाऊ दुसऱ्या कोपऱ्यांत बसतो, किंवा भाऊ येतच नाहीं. बंधूंनो, त्या पेढ्यांत गोडी कोठून यावी?

म्हणून मंडळींतील पंचांस व शिक्षक बंधूंस आमची विनंती आहे कीं, कोणी 'मीं जिंकलों' असें सांगत आला, म्हणजे त्यास प्रेमानें एवढेंच विचारावें: भाऊ, यांत सुटका कोणाची झाली? तहानलेल्यास पाणी मिळालें असेल, तर त्याच्यासह देवाची स्तुति करावी. कोणाचीहि सुटका झाली नसेल, आणि केवळ भाऊ दुरावला असेल, तर त्याच संध्याकाळीं त्याच्याबरोबर त्या भावाच्या दारीं जावें. वाइटाला बऱ्यानें जिंकावें, असें पौलानें रोमकरांस शिकविलें, तेंहि याच क्रियापदानें. तें दार उघडलें, म्हणजे जय खरोखर प्रभूचा झाला. आमेन.