तेलाची कुपी आणि दारातला सावकार

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ४, वचने १ ते ७



पवित्र शास्त्रात दुष्काळाच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु ज्या घरात कालपर्यंत सारे सुरळीत चालले होते आणि आज एकाएकी मिळकत थांबली, अशा घराची कथा शोधू लागलो म्हणजे आपण या सात वचनांपाशी येऊन थांबतो. घर संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाचे. तो मरण पावला आहे. मागे विधवा, दोन मुलगे आणि कर्ज. आणि सावकार त्या मुलांना दास करून नेण्यासाठी निघाला आहे.

हा मृत मनुष्य कोण, हे शास्त्र सांगत नाही. यहूदी परंपरा मात्र असे मानते, आणि इतिहासकार योसेफसानेही ती नोंदवून ठेवली आहे, की तो अहाब राजाचा कारभारी ओबद्या. ईजबेलीपासून गुहांत लपवलेल्या शंभर संदेष्ट्यांना अन्नपाणी पुरवण्यासाठी त्याने हे कर्ज काढले होते. परंपरा खरी असो वा नसो, तो परमेश्वराचे भय बाळगणारा होता असे ती विधवा सांगते आणि अलीशा तिचे म्हणणे खोडून काढत नाही. पैसे कोठे उधळले, असा प्रश्न तो विचारीत नाही. आपल्या मंडळ्यांत मात्र एखादे घर अडचणीत आले की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

ही कथा दिल्लीत वाचू लागले की ती फार जवळची वाटते. दिल्ली आणि तिला लागून असलेली नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम ही नगरे पोटासाठी दूरदूरच्या लोकांना ओढून घेतात. महाराष्ट्रातून गेलेली आपली कुटुंबेही त्यांत आहेत. तेथे मिळकत एका दिवसात थांबते, हे या नगरांनी अनेकदा पाहिले आहे. प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी हुकूम दिला, आणि १६८ कारखान्यांना ३० नोव्हेंबर १९९६ पर्यंत दिल्लीतील काम थांबवावे लागले. त्या डिसेंबरात न्यायालयाने, जे कारखाने दुसरीकडे हलणार नव्हते त्यांच्या कामगारांची भरपाई सहा वर्षांच्या वेतनापर्यंत वाढवली. परंतु ज्यांचे नाव हजेरीपटावर नव्हते, त्यांना दाद मागायलाही जागा नव्हती. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आनंद विहारच्या बसस्थानकावर गावी निघालेल्या मजुरांची जी गर्दी उसळली, ती साऱ्या देशाने पाहिली. त्याच दिवसांत इमारतींच्या बाराव्या मजल्यावर बसलेल्या अनेक सुशिक्षित कुटुंबांचे वेतनही निम्मे झाले होते. ती गर्दी कोणी पाहिली नाही, कारण ती दार लावून आत बसली होती.

अशा घटनांची निदान बातमी होते. परंतु एखाद्या कंपनीचा एक विभाग बंद होणे, कंत्राट पुन्हा न मिळणे, कमावत्या माणसाला सहा महिन्यांचे आजारपण येणे, यांची बातमी होत नाही. मिळकत थांबते, तारखा थांबत नाहीत. एक तारखेला घरभाडे, पाच तारखेला घरकर्जाचा हप्ता, दहा तारखेपर्यंत शाळेची फी, मग वीज, पाणी, गॅस, गावी आईच्या औषधांचे पैसे. अशा घरात बसून आपण ही सात वचने वाचू या.

त्या विधवेने पहिली गोष्ट कोणती केली? तिने आक्रोश केला. संदेष्ट्यापुढे जाऊन मोठ्याने सांगितले, की माझे असे असे झाले आहे, सावकार येऊ घातला आहे. ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते. परंतु आपल्यापैकी कितीजणांकडून ती होते? नोकरी गेलेली घरात न सांगता रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारे आणि दिवसभर बागेत किंवा मेट्रोच्या स्थानकात बसून संध्याकाळी वेळेवर परतणारे गृहस्थ दिल्लीत आहेत आणि पुण्यामुंबईतही आहेत. पत्नीला कळते ते असे की एके रात्री दिवे जातात. नोएडा-गुरुग्रामच्या अनेक वसाहतींत प्रीपेड मीटर असतात, सोसायटीचा देखभालखर्चही त्यातूनच कापला जातो, आणि शिल्लक संपली की वीज बंद होते. पतीच्या तोंडून जे यायचे ते मीटरने सांगितले! बंधूंनो, यात पत्नीचे रक्षण होत नाही. एका माणसाचे ओझे दोघांनी उचलण्याचा जो हक्क विवाहाने तिला दिला, तोच काढून घेतला जातो.

लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील कारभारी आठवा. त्याची नोकरी जाणार हे ठरले होते. खणण्याचे बळ नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते, अशा पेचात तो सापडला होता. त्याने केलेली लबाडी काही अनुकरणीय नाही. तरी प्रभूने त्याच्या शहाणपणाकडे बोट दाखवले. ते शहाणपण कोणते? कारभार हातचा जाण्यापूर्वी तो उठला आणि लोकांना भेटला. आपण नेमके उलटे करतो. हप्ता चुकल्यावर, दुसरी नोटीस आल्यावर, घरमालकाने आवाज चढवल्यावर बोलू लागतो. तारखेच्या आधी जो शाळेच्या मुख्याध्यापकांना, घरमालकाला आणि बँकेच्या व्यवस्थापकाला भेटून किती देता येईल व केव्हा देता येईल हे लेखी सांगतो, त्याच्या शब्दाला वजन असते. तारखेनंतर तेच शब्द सबबीसारखे ऐकू येतात.

यानंतर अलीशा तिला घरात काय आहे ते विचारतो. ती आधी म्हणते की काहीच नाही, आणि मग तिला तेलाची कुपी आठवते. दुःखात मनुष्याला असेच होते. म्हणून कागद घेऊन बसावे, आणि पतिपत्नींनी एकत्र बसावे; मोठी मुले असतील तर त्यांनाही बसवावे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले आहे. हिशेब करणे म्हणजे विश्वासाची उणीव असे समजणाऱ्यांनी तो भाग पुन्हा वाचावा. एका बाजूला येणे, दुसऱ्या बाजूला देणे लिहावे. येणे म्हणजे केवळ वेतन नव्हे. भविष्य निर्वाह निधी, पत्नीचे शिवणकाम किंवा शिकवण्या, विम्याची मुदत, आणि सरकारने दिलेली सवलतही त्यात येते. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये महिना २०० युनिटपर्यंतच्या घरगुती विजेचे बिल शून्य केले. ऑक्टोबर २०२२ पासून ती सवलत अर्ज करणाऱ्यालाच देण्याचे ठरवले. लाजेपोटी किंवा आळसाने अर्जच न करणारी घरे थोडी नाहीत. यमुनेपलीकडच्या नोएडात मात्र राज्य बदलते आणि ही सवलत संपते. घर बदलताना भाड्यासोबत याचाही विचार करावा लागतो. तसेच २००३ च्या वीज कायद्यानुसार थकबाकीसाठी जोडणी तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ते पंधरा दिवस घाबरण्यात घालवू नयेत; हप्ते बांधून मागण्यासाठी ते पुरतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हप्ता पुढे ढकलणे म्हणजे हप्ता माफ होणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने थांबवण्याची मुभा दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली, तेव्हा अनेकांना कर्जच हलके झाल्याचा आनंद झाला. व्याज मात्र चालूच होते. त्या मुदतीतील व्याजावरचे व्याज घेऊ नये, एवढा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी दिला. मूळ व्याज द्यावेच लागले.

आता या कथेतील एका गोष्टीपाशी मला थोडे अधिक थांबावयाचे आहे. घरात एकच कुपी तेल उरले आहे आणि सावकार दारात आहे. संदेष्टा असे सांगत नाही की ती कुपी सावकाराला दे. देणे फेडण्याची आज्ञा तो जरूर देतो, परंतु भांडी भरल्यावर. जे एकमेव उरले आहे आणि ज्यातून उद्याची मिळकत निर्माण व्हायची आहे, त्यावर सावकाराचा हात तो पडू देत नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात हाच नियम लिहिला आहे : जाते किंवा जात्याची वरची तळी कोणी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे मनुष्याचा जीवच गहाण घेणे.

तुमचे जाते कोणते ते ओळखा. डोक्यावरचे छप्पर, चूल, मुलांची शाळा, वीज, कामावर जाण्याची दुचाकी, शिवणयंत्र, काम शोधण्यासाठी लागणारा फोन, हे आधी. ज्यावर घर वा वाहन तारण आहे असे कर्ज त्यानंतर. क्रेडिट कार्डाचे बिल त्याच्याही नंतर, कारण तो सावकार मोठ्याने ओरडतो म्हणून त्याचा हक्क मोठा ठरत नाही. मात्र त्याला विसरूही नये. कार्डावरील थकबाकीला बहुधा दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागते, आणि किमान रक्कम भरून महिना काढला की मुद्दल जागचे हलत नाही. म्हणून कार्ड वापरणे त्याच दिवशी थांबवावे आणि बँकेकडे ती रक्कम ठरावीक हप्त्यांत बदलून मागावी. एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने फेडणे म्हणजे तेलाच्या कुपीला तळाशी भोक पाडणे होय.

फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपांविषयी मात्र मी मवाळ बोलणार नाही. त्यांच्याकडे जाऊ नका. त्याच चोविसाव्या अध्यायात परमेश्वराने सावकाराला बजावले आहे की गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो आणून देईल. गरिबाचा उंबरठा परमेश्वराने राखला. ही ॲपे मात्र फोनमधून घरात शिरली, नातलगांचे आणि पाळकांचे क्रमांक उचलून त्यांना फोन करू लागली, आणि त्या अपमानाने कित्येकांनी जीव दिला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा ॲपांना फोनमधील संपर्कयादी पाहण्यास मनाई केली, आणि वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असाही नियम केला. तीन हजार वर्षांपूर्वीची आज्ञा आज परिपत्रकात लिहावी लागते! असा छळ होत असेल तर तो सहन करणे हा ख्रिस्ती नम्रतेचा भाग नव्हे. पोलिसांत तक्रार करावी.

कथेत पुढे अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. येथे शेजारी कथेत येतात, आणि येथे मंडळी म्हणून आपली परीक्षा आहे. ती बाई दारोदार जाऊन भांडी मागू शकली, याचा अर्थ तिच्या गावात मागता येत होते. आपल्या मंडळीत मागता येते काय? मिळकत थांबलेले कुटुंब बहुधा आधी उपासनेतून दिसेनासे होते. दानाच्या थाळीत काय टाकावे, कापणीच्या सणाच्या लिलावात गप्प कसे बसावे, वार्षिक अहवालात वर्गणीदारांच्या यादीत आपले नाव नसेल तर लोक काय म्हणतील, या भीतीने ते घरी राहते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून फकिरी पत्करली, तिचा आपण आदराने उल्लेख करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु जी गरिबी निवडलेली नाही, कंपनीच्या एका पत्राने आलेली आहे, तिच्याकडे आपण मान वळवून का पाहतो?

अशा कुटुंबाने दशांशाचे काय करावे, हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. माझे मत स्पष्ट आहे. दशांश मिळकतीचा असतो; मिळकत नाही तेथे दशांश नाही. कर्ज काढून दान देणाऱ्याला ते परत करण्याचे धैर्य पाळकांनी दाखवावे. अर्पणाच्या नावाखाली आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांना प्रभूने कोणत्या शब्दांत फटकारले, ते मार्काच्या सातव्या अध्यायात पाहावे. बाराव्या अध्यायातील विधवेच्या दोन दमड्यांवर आपण पुष्कळ उपदेश ऐकले. त्याच्या थोडे आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभू काय बोलला, ते वाचून दाखवण्याचे आपण टाळतो.

नहेम्याच्या काळी लोकांनी राजाचा कर भरण्यासाठी शेते गहाण टाकली आणि लेकरे दास्यात दिली. नहेम्याने प्रार्थनासभा भरवून विषय संपवला नाही. धनकोंना समोर उभे केले, आपणही उसने दिले आहे हे कबूल केले, आणि व्याज सोडावयास लावले. आपल्या पंचमंडळाला एवढे तरी करता येईल : निधीची एक वेगळी पेटी, बिनव्याजी, जिचा हिशेब पाळक आणि खजिनदार या दोघांनाच ठाऊक राहील. त्या विधवेला संदेष्ट्याने दार लावून घेऊन तेल ओतायला सांगितले होते. शेजाऱ्यांनी भांडी दिली. आत काय चालले आहे ते त्यांनी पाहिले नाही. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. आणि तेल आले म्हणून सावकार आपोआप परत गेला नाही. तिला बाजारात जाऊन ते विकावे लागले, पैसे मोजून द्यावे लागले, आणि उरल्यावर दोन मुलांसह दिवस काढावे लागले. ते पैसे किती दिवस पुरले, हे शास्त्र सांगत नाही.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर गेल्या तीन महिन्यांत कोणते कुटुंब दिसले नाही, याची आठवण करा. त्यांच्या घरी जा, आणि महिन्याच्या दहा तारखेच्या आत जा. फळांची पिशवी नेली नाही तरी चालेल. शाळेची फी किती थकली आहे, एवढे हळू आवाजात, स्वयंपाकघरात बसून विचारा. आणि दोघांपैकी कोणी सांगू लागले तर मध्येच सल्ला देऊ नका.