अर्धं भरलेलं पातेलं

हिंजवडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा आमटी करायचे, तेव्हा पातेलं कधी अर्ध्याच्या वर भरत नसत. आई म्हणायची, "अहो, आता घर हलत नाही!" बाबा नुसते हसायचे.

बाबा रत्नागिरीकडचे, मालवाहू जहाजावर भंडारी. खलाशांच्या बोलीत स्वयंपाक्याला भंडारी म्हणत. समुद्र खवळला की भांडी घसरू नयेत म्हणून जहाजावरच्या शेगडीला लोखंडी कठडा असतो. तरी रस्सा उसळतोच. म्हणून पातेलं अर्धंच.

सिंगापूर, रॉटरडॅम, सांतोस. बाबांनी बरीचशी बंदरं पाहिली ती भटारखान्याच्या गोल खिडकीतून. पहाटे कणीक मळायची, मग वीस-बावीस माणसांची न्याहारी. खलाशाला पोषक जेवण मोफत मिळालं पाहिजे, असं २००६ च्या सागरी श्रम करारानं जगाला सांगितलं. बाबांना ते आधीच ठाऊक होतं. ईदला शेवया, नाताळला केक, चतुर्थीला मोदक. जहाजावर कुणाचा सण चुकला नाही. चुकले ते माझे वाढदिवस. त्या दिवशीही ते कुणाच्या तरी लेकरांना जेवू घालत होते, हे मला फार उशिरा उमगलं.

इथे हिंजवडीच्या आयटी पार्कात रात्रभर दिवे जळतात. पहाटे शिफ्ट सुटते, तेव्हा टपरीवर चहा उकळत असतो. बाबांसारखंच आपल्याआधी कुणीतरी उठलेलं असतं. आज पहिला घोट घेण्याआधी त्या हातांकडे एकदा बघूया. सुप्रभात.