रंगाच्या खालची वर्षं

समोर एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे असं धरा. स्वतःची असेल तर उत्तमच. नसेल तर मामांची, शेजारच्या काकांची, नाहीतर जिच्या मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून लग्नाला गेला होतात ती टॅक्सी. गाडी नवी मुंबईत आहे, नेरुळच्या एखाद्या सिडको रो-हाऊसच्या पुढच्या जागेत, ताडपत्रीखाली. डिसेंबरातली सकाळ आहे.

आज रंग मारायचा नाही. उद्याही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मन कंप्रेसरकडे धावायचं थांबेल.

ताडपत्री काढा. डोळे मिटा आणि तळहात बोनेटवर सपाट टेकवा. बोटांनी चाचपू नका. अख्खा तळवा हळू सरकवा, पुढून मागे, मग आडवा. हाताखाली पातळ सुती फडकं घेतलंत तर पत्र्याचा चढउतार जास्त कळतो. मघाशी डोळ्यांना सरळ दिसलेल्या जागी हाताला एक खळगा लागेल. तिथे थांबा. इथे काय आदळलं असेल, कोणी आदळवलं असेल, याचा तपास आत्ता नको. खळगा आहे, एवढंच हाताला कळू द्या.

हात तसाच राहू दे, आणि ही गाडी कोण होती ते आठवा. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटची गाडी बनू लागली. 1964 साली तिचं ‘डिलाईट’ हे रूप आलं, 1974 पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. 1,089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून गिअरचा दांडा. नाव राणीचं, पण बसणारे कारकून, डॉक्टर, वकील, आणि टॅक्सीत तर कोणीही. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेल्या घरात ती आली की आधी तिला हार चढायचा. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने 30 ऑक्टोबर 2023 रोजी निरोप घेतला, तेव्हा आयुष्यभर बसनेच फिरलेल्या माणसांनाही चुटपुट लागली.

आता खाली वाका. दरवाज्याच्या तळाशी, काठावर, पाणी निथळायला लहान भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी दरवाज्याच्या पोटात साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर फक्त रंगाला एक फोड दिसतो, मसुराएवढा. ठाणे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, या गावात लोखंडाला विसावा नाही. फोडावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. आरपार गेलं तर वाईट वाटेल. वाटू द्या. मग तारेने एकेक भोक मोकळं करा. सडका पत्रा कापून नवा झाळायला लागेल. पुट्टीने बुजवला तर दोन पावसाळ्यांत तिथेच पुन्हा फोड येईल.

मग घासाई. 320 नंबरचा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, बादलीत बुडवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ओलंच घासा. कोरडी भुकटी नाकात नको. एका जागी, गोल गोल, वजन न टाकता. आवाज ऐका. आधी खरखर, मग पेपर बसला की नुसती सळसळ. हाताचा वेग श्वासाच्या वेगावर येईपर्यंत चालू ठेवा.

थोड्या वेळाने पाणी ओतून बघा. घासलेल्या जागी भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वलयं उमटलेली दिसतील. वरचा पांढरा. त्याखाली मरून, बहुधा कोणाच्या तरी हौसेचा. त्याखाली करडा प्रायमर, मग फिकट निळसर हिरवा, आणि मध्यभागी चमकणारा उघडा पत्रा. इथे हात थांबवा. या कामातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची जागा हीच, आणि लोक नेमकी हीच घाईत ओलांडतात.

स्वतःला विचारा: गाडी कोणत्या वर्षात परत न्यायची आहे? कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवसात? वडिलांनी मरून करून घेतली त्या दिवाळीत? की जे वर्ष कधी नव्हतंच, जिथे ती आरशासारखी झळकते आणि कोणी तिच्यात बसत नाही? उत्तर लगेच देऊ नका. कायदाही इथे डोकावतो. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज चालवता येत नाही. शिवाय आरसी बुकात रंग लिहिलेला असतो. बदललात तर आरटीओत नोंद करायला हवी. पण कागद फक्त रंगाचं नाव सांगतो. ते दिवस कोणाचे, हे तुम्हीच ठरवायचं.

मूळ रंग शोधायला डिकीतल्या गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे बघा. ऊन न लागलेला तुकडा सापडतो. त्याला हात लावू नका. सगळी गाडी नवी करणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण एवढी वीतभर जागा जुनीच ठेवायला काय हरकत आहे? 

उघडा पत्रा पुसून कोरडा करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. रात्रभर तसाच राहिला तर सकाळी त्यावर तांबूस झाक असते. प्रायमरवर सरफेसर चढवा. तो वाळला की त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा द्या आणि पुन्हा घासा. उंच जागा साफ होतात, खळग्यांत काळं उरतं. पहिल्या सकाळी तळव्याला जे कळलं होतं ते आता डोळ्यांनाही दिसतं.

रंगाचा दिवस हवेने ठरवायचा. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग, ज्याला जुने कारागीर अजून ड्युको म्हणतात, भराभर वाळतो. 1920 च्या दशकात ड्युपाँट कंपनीच्या या रंगामुळेच गाडी रंगवायचं आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंग पांढुरका पडतो. म्हणून पावसाळ्यात नाव काढू नका. हिवाळ्यातही दव उडून गेल्यावर, दुपारचे खारे वारे सुटण्याआधी. संध्याकाळी तर मुळीच नको. नवी मुंबईचे डास ओल्या बोनेटवर सहकुटुंब उतरतात.

श्वासावर लक्ष ठेवा असं ध्यानाच्या वर्गात सांगतात. इथे ते अक्षरशः घ्या. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला आहे ना, बघा. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी दमा जडतो. त्याला साधा कोळशाचा मास्क पुरत नाही, ताजी हवा पुरवणारा लागतो. रो-हाऊसची भिंत तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराला लागून. टू-के हवाच असेल तर बूथ असलेल्या गॅरेजात गाडी न्या.

आता गन उचला. पत्र्यापासून वीतभर लांब. मनगट वळवू नका, सगळा हात समांतर न्या. कडेच्या आधी सुरुवात, कडेच्या पलीकडे शेवट. पुढचा पट्टा आधीच्याच्या निम्म्यावर. जाताना श्वास सोडा. पहिला हात विरळच असतो, खालचं सगळं दिसत राहतं. झाकायचा मोह होईल. दहा-पंधरा मिनिटं बाजूला उभे राहा, मग दुसरा हात.

मडगार्डच्या वळणावर एक ओघळ आलाच असेल. त्याला आज बोट लावू नका. पुरता कडक झाला की 1000 च्या पेपरने सपाट होईल. आत्ता गन धुऊन ठेवा, आणि नोझल वेगळं काढून थिनरमध्ये टाका.