वृद्ध पित्याचा निवास
सेवानिवृत्त पित्याने काशीस राहावे, जन्मग्रामी राहावे, की पुत्रापाशी, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. पुत्र सोयी मोजतो; पित्याचे मन मात्र कोणी विचारीत नाही.

गीतेच्या १७ व्या अध्यायात देश, काल व पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, तर अवज्ञेने दिलेले तामस म्हटले आहे. पितृसेवेसही हाच न्याय लावावा. वैद्य, शेजार, देवालय, जिन्याच्या पायऱ्या यांची चौकशी पुत्राने करावी. पित्यास तेथे महिनाभर राहून पाहू द्यावे. निर्णय मात्र पित्याचाच असावा.

१३ व्या अध्यायात एकांतसेवन ज्ञानसाधनांत गणले आहे. परंतु ते साधकाने स्वतः पत्करावयाचे असते. तीर्थवासाचे निमित्त करून पित्यास दूर सारणे हा पित्याचा एकांत नव्हे. तो पुत्राचा कर्तव्यत्याग होय.