विस्मरण आणि नामस्मरण

यंदाच्या माघी सप्ताहात, येथे अंबडास, आम्ही कीर्तनास उभे होतो. निरूपण रंगात आले आणि सेवेस घेतलेल्या अभंगाचे तिसरे चरणच आठवेना. ज्या अभंगावर चाळीस वर्षे बोललो, तोच! मागच्या टाळकऱ्यांनी क्षणात चरण उचलले, मृदंग वाजला, श्रोत्यांस वाटले महाराजांनी मुद्दामच सोडून दिले. आम्हीही तसेच भासविले. रात्री झोप लागली नाही. विसरल्याचे दुःख थोडे, भासविल्याचे फार.

आता हे वयाचे की रोगाचे? चष्मा कोठे ठेवला ते न आठवणे, ओळखीचे नाव ओठावर अडणे व घटकाभराने आठवणे, हे साठीनंतर पुष्कळांचे होते. मात्र रोजची वाट चुकणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, पैशाचा हिशेब न जमणे, हे वयावर ढकलू नये. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉईड मंदावले तरी विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जावे. 'नाम घ्या, सर्व ठीक होईल' म्हणून एखाद्या म्हाताऱ्यास घरी बसविणे हा आम्हांस अधर्म वाटतो.

पाठशाळेत घोकलेला अमरकोश आम्हांस आजही घडाघडा येतो, आणि सकाळी काय खाल्ले ते विचारू नका! पतंजलींनी स्मृतीला चित्ताच्या पाच वृत्तींत बसविले आहे; प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा यांच्याच पंगतीला. गीतेच्या १५व्या अध्यायात तर भगवंत स्मृती व ज्ञान आपल्यापासून होते म्हणतात, आणि अपोहनही. आचार्य त्याचा अर्थ स्मृती व ज्ञान नाहीसे होणे असा करतात. या श्लोकावर आम्ही किती वेळा बोललो, पण अपोहनापाशी कधी थांबलो नाही. घाईने पुढे जात असू.

पण नवविधा भक्तीत तिसरे स्मरण. स्मृतीच गेली तर भक्ताने करावे काय? आमच्या आळीतील एक आजी सुनेला ओळखत नाहीत. सायंकाळी हरिपाठ सुरू झाला की टाळी मात्र चुकत नाही. उद्या ती टाळीही थांबेल. मग? मग शेजारी बसून कोणी म्हणावे, हेच उत्तर आम्हांस सुचते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, त्या तेरा दिवसांनी वर आल्या अशी परंपरा आहे; अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून तरले, असेही सांगणारे आहेत. कोणतीही कथा घ्या, तुकोबांस एकट्याने काही आठवावे लागले नाही.

तरुण कीर्तनकार मोबाईलमध्ये पाहून प्रमाणे देतात म्हणून आम्ही रागावत होतो. तो राग आता मागे घेतला आहे. असो.

पुढच्या कीर्तनात पुन्हा अडलो. या खेपेस हात जोडून म्हणालो, "माउली, विसरलो. कुणी सांगा." बायकांच्या बाजूने, वसाहतीतल्या कारखान्यातून कामावरून थेट आलेल्या एका मुलीने चरण दिले. तिची चाल जरा निराळी होती. आम्ही तीच घेतली.