घडवणाऱ्याचा वाटा

मे २००३ ते ऑक्टोबर २००४ या काळात आर्सेनलचा संघ लीगमध्ये सलग ४९ सामने हरला नाही. त्या पराक्रमाची उजळणी इंग्लंडमध्ये आजही होते. त्या संघाच्या बचावफळीत कोलो टुरे होता. तो ज्या क्लबमधून लंडनला आला, त्या आबिजानच्या आसेक मिमोझाने १९८९ ते १९९४ या वर्षांत आयव्हरी कोस्टच्या लीगमध्ये सलग १०८ सामने पराभव पाहिलेला नव्हता. आपल्याकडे रात्र जागवून इंग्लिश सामने बघणाऱ्यांनाही हा आकडा सहसा ठाऊक नसतो. दोन्ही लीगचा दर्जा सारखा नव्हता, हे मान्यच. तरीही एका खंडातले विक्रम जगाचा इतिहास ठरतात आणि दुसऱ्या खंडातले स्थानिक बातमी होऊन विरतात, यामागे दर्जापेक्षा वेगळं काहीतरी आहे.

आसेकची स्थापना १९४८ची. देश तेव्हा फ्रेंच वसाहत होता आणि व्यापारी पेढ्यांवर काम करणाऱ्या नोकरदारांनी हा क्लब काढला. पिवळा-काळा रंग, शहरातच आफ्रिका स्पोर्ट्ससारखा कट्टर प्रतिस्पर्धी, अशी त्याची ओळख झाली. पण त्याला आजचं रूप आलं ते १९८९ मध्ये रॉजे वेन्ये या वकिलाकडे अध्यक्षपद आल्यावर. पुढे जपानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झालेले फिलिप त्रुसिए याच सुमारास इथे होते. अपराजित मालिका सुरू झाली ती त्यांच्या हाताखाली.

मला त्या मालिकेपेक्षाही मोलाचं वाटतं ते नंतरचं काम. फ्रान्सचे माजी खेळाडू जाँ-मार्क गियू यांनी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात क्लबसोबत अकादमी उभारली. सिफकॉम या कंपनीचा पैसा, आबिजानमधल्या सोल बेनी संकुलाची जागा, आणि शहरभरातून चाचण्या घेऊन निवडलेली थोडीच मुलं. तिथेच राहणं, तिथेच शाळा. सुरुवातीला बूट नाहीत, अनवाणी पायांनी चेंडूवर ताबा मिळवायचा, मगच पुढचं. ताकद आणि उंचीकडे गियू फारसं बघत नसत. चेंडू पायाशी कसा राहतो आणि मुलगा डोकं वर करून खेळतो का, हे ते बघत.

या शिक्षणाचा निकाल फेब्रुवारी १९९९ मध्ये लागला. डिसेंबर १९९८ मध्ये आसेकने हरारेच्या डायनॅमोजला घरच्या मैदानावर ४-२ हरवून आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकली होती, आणि लगोलग तो विजेता संघ जवळपास मोडला. मग ट्युनिसच्या एस्पेरान्सविरुद्धच्या सुपर कपसाठी अकादमीतली पोरंच मैदानात उतरवली गेली, बहुतेक विशीच्या आतली. समोर आफ्रिकेतल्या सर्वांत अनुभवी संघांपैकी एक. जादा वेळेत मुलांनी सामना ३-१ जिंकला.

आफ्रिकी खेळाडूंबद्दल बोलताना समालोचक ‘नैसर्गिक गुणवत्ता’, ‘जन्मजात वेग’, ‘ताकद’ असे शब्द सवयीने वापरतात. ऐकायला ते कौतुक वाटतं. पण त्यात शिक्षक पुसला जातो. त्या रात्री जिंकली ती मुलं कुणाला रस्त्यावर सापडली नव्हती. वर्षानुवर्षांच्या रोजच्या तालमीने घडली होती. गुणवत्ता निसर्गाने दिली असं एकदा ठरवलं, की घडवणाऱ्याला मोबदला देण्याचा प्रश्नच उरत नाही.

आयव्हरी कोस्ट जगात सर्वाधिक कोको पिकवतो, म्हणून या अकादमीची तुलना हमखास कोकोच्या मळ्याशी होते: कच्चा माल इथून जातो, नफा तिकडे होतो. मला ही तुलना अपुरी वाटते. कोकोची बी खरोखरच कच्ची जाते. आसेकचे खेळाडू बऱ्याच अंशी तयार होऊन गेले, फक्त त्यांना भाव कच्च्या मालाचा मिळाला. कोलो टुरे २००२ मध्ये आर्सेनलला सुमारे दीड लाख पौंडांत मिळाला. सात वर्षांनी मँचेस्टर सिटीकडे जाताना त्याची किंमत एक कोटी पौंडांच्या बरीच वर गेली होती. मधल्या काळात आर्सेन वेंगर यांनी त्याला मध्य-बचावपटू बनवलं, त्याचं श्रेय त्यांचं आहेच. पण तफावत केवळ त्या श्रेयाने भरून निघत नाही.

गियू क्लबपासून वेगळे झाले, २००१ पासून बेल्जियमच्या बेव्हरेनमध्ये रमले, आणि त्यांच्यामागे आबिजानची मुलं तिकडे गेली. एक वेळ अशी आली की बेव्हरेनचा जवळजवळ सगळा संघ आयव्हरियन होता. याया टुरे, एबुए, रोमारिक तिथूनच पुढे गेले. दिदिए झोकोरा गेंक, सेंट-एतिएन, टॉटनहॅम, सेव्हिया असा फिरत २०१५ मध्ये एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला. देशासाठी सर्वाधिक सामने खेळलेला माणूस पुणेकरांना उतारवयात का होईना, बघायला मिळाला. आबिजानच्या प्रेक्षकांना मात्र आपल्या क्लबच्या रंगात त्याची उमेदीची वर्षं कधीच दिसली नाहीत. २०१५ साली आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात घानाविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारणारा गोलरक्षक बुबाकार बारीही आसेकचाच. देशाला चषक मिळाला, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण राष्ट्रीय संघ वर्षातून मोजके दिवस जमतो, क्लब दर आठवड्याला शहर जागं ठेवतो.

खेळाडूंनी जाऊ नये, असं म्हणणं अन्यायाचं होईल. एका पिढीच्या कुटुंबांचं दैन्य त्या करारांनी फिटलं, आणि २००२ नंतर देश यादवीत दुभंगला तेव्हा बाहेर असणं हीच अनेकांची सुरक्षितता होती. प्रश्न परताव्याचा आहे. फिफाच्या २००१च्या नियमांनुसार हस्तांतराच्या रकमेपैकी पाच टक्के, बारा ते तेवीस या वयात खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. बाराव्या वर्षापासून अठरावं संपेपर्यंत मुलगा सांभाळणाऱ्या क्लबच्या वाट्याला त्यातून अडीच टक्के येतात. लहान वयाची चार वर्षं, ज्यांत पाया घातला जातो, ती तर प्रत्येकी पाव टक्क्याची. २०२२ पासून पॅरिसमधलं फिफाचं क्लिअरिंग हाउस हे पैसे वसूल करून देतं, त्यामुळे थकबाकी बुडण्याचे प्रकार कमी होतील. पण प्रमाण तेच राहिलं. ते निदान दुप्पट व्हावं, आणि पाया घालणाऱ्या पहिल्या चार वर्षांचा दर नंतरच्या वर्षांइतका तरी असावा, ही मागणी आफ्रिकी महासंघाने लावून धरायला हवी.